सूक्ष्मकुपीची गोष्ट



आमचे एक स्नेही आहेत. त्यांनी तीस वर्षे शाळेत गणित शिकवले आणि निवृत्त झाल्यावर दोनच वर्षांत त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. आता आठवड्यातून तीन दिवस, दर खेपेस चार तास, ते डायलिसिसच्या यंत्राशेजारी पडून असतात. मागे एकदा आम्ही त्यांच्या समाचारास गेलो, तेव्हा त्यांनी उशाखालून वर्तमानपत्राचे एक जुने कात्रण काढले. कडा पिवळ्या पडलेल्या, घडीवर फाटलेले. त्यात लिहिले होते की, कॅनडातील शास्त्रज्ञांनी मूत्रपिंडे बिघडलेल्या उंदरांना जिवंत जंतू भरलेल्या बारीक कुप्या खाऊ घातल्या आणि त्यांच्या रक्तातला युरिया उतरून पूर्ववत झाला. कात्रण आमच्या हाती देऊन ते म्हणाले, "तुम्ही जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेत. हे खरे आहे काय? आणि खरे असेल, तर ते अजून माझ्यापर्यंत का आले नाही?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही एका शब्दात देऊ शकलो : खरे आहे. दुसऱ्या प्रश्नाला मात्र आम्हांला त्या दिवशी नीट उत्तर देता आले नाही. घरी येऊन आम्ही जुने-नवे लेख काढले, वाचले, आणि उत्तर हळूहळू जुळत गेले. या वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही हाच सांगितला. आजचे व्याख्यान म्हणजे आमच्या स्नेह्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे असे समजावे. विषय सगळा पोटाचाच आहे, तेव्हा तो फारसा जड जाणार नाही अशी आशा आहे.

औषध तोंडावाटे घेणे ही सर्वांत जुनी आणि सर्वांत सोयीची रीत. सुई टोचायची तर टोचणारा जाणता माणूस हवा, निर्जंतुक साधने हवीत, आणि टोचून घेणाऱ्याचे धैर्यही हवे. गोळीला पेलाभर पाणी पुरते. पण या सोयीच्या वाटेवर पहिलाच मुक्काम आहे जठराचा, आणि तिथला यजमान मोठा कडक आहे. तिथे हायड्रोक्लोरिक आम्ल असते, तेच जे आम्ही प्रयोगशाळेत बाटलीवर सावधगिरीची चिठ्ठी लावून ठेवतो, अर्थात त्याहून पातळ. जोडीला प्रथिने तोडणारे पेप्सिन असते. आलेल्या पदार्थाची मोडतोड करणे आणि अन्नाबरोबर आलेले जंतू मारणे ही जठराची दोन कामे. ती करताना भाकरीतले प्रथिन कोणते आणि औषधातले कोणते, किंवा उपद्रवी जंतू कोणता आणि उपकारी कोणता, असा भेदभाव जठर करीत नाही.

हे जठर नेमके करते तरी काय, याचा पहिला चांगला पुरावा एका घारीने दिला. फ्रान्समध्ये रेओम्यूर नावाचा मोठा निसर्गशास्त्रज्ञ होऊन गेला. त्याच्यापाशी पाळलेली घार होती. घारीला न पचणारी वस्तू ती ओकून टाकते, ही तिची सवय त्याने हेरली. १७५२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत त्याने धातूच्या लहान नळीत मांसाचा तुकडा ठेवला, नळीची तोंडे जाळीने बांधली आणि ती नळी घारीला गिळायला लावली. घारीने नळी परत टाकली तेव्हा नळीवर चेपल्याची खूण नव्हती, पण आतले मांस मात्र विरघळू लागले होते. जठर अन्नाला जात्यासारखे दळते असे पुष्कळांचे मत होते. दळण्याचा दाब नळीने अडवला होता, रस मात्र जाळीतून आत शिरला होता. अर्थात काम रसाचे होते. पुढे इटलीतल्या स्पालान्झानीने हाच प्रयोग स्वतःवर केला. अन्न भरलेल्या कापडी पिशव्या त्याने स्वतः गिळल्या. पिशव्या न फाटता शरीराबाहेर पडल्या आणि आतले अन्न नाहीसे झाले होते. १७८० साली त्याने हे ग्रंथरूपाने मांडले.

श्रोतेहो, ही नळी आणि ही पिशवी आज तासभर मनात असू द्या. भिंतीला भोके किती मोठी आहेत, यावर आत काय शिरेल आणि बाहेर काय जाईल ते ठरते. आजच्या सगळ्या विषयाचे मूळ घारीच्या त्या नळीत आहे.

आता औषधाकडे वळू. १९२२ च्या जानेवारीत कॅनडातील टोरोंटो येथे मधुमेहाने खंगलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन प्रथम टोचण्यात आले. मधुमेहाच्या इतिहासातला तो सोन्याचा दिवस. त्याला शंभर वर्षे उलटली, तरी लाखो घरांतून इन्सुलिन आजही टोचूनच घ्यावे लागते. कारण उघड आहे. इन्सुलिन हे प्रथिन आहे, आणि जठर-आतड्यांच्या दृष्टीने ते डाळीतल्या प्रथिनापेक्षा वेगळे नाही. ते पचून जाते. आणि समजा पचण्यातून वाचले, तरी त्याचा रेणू एवढा मोठा की आतड्याच्या अस्तरातून रक्तात शिरणे त्याला अवघड. तेव्हा अडचणी दोन आहेत : जठरातून सुखरूप निघणे आणि आतड्याची भिंत ओलांडणे. या दोन अडचणी वेगळ्या आहेत हे पुढे लक्षात ठेवावे लागेल.

पहिल्या अडचणीवर उपाय बराच जुना आहे. हँबुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पाउल उना यांनी १८८४ साली गोळ्यांवर केराटिनचा लेप देऊन पाहिला. केराटिन म्हणजे आपले केस, नखे आणि जनावरांची शिंगे ज्याची बनतात ते द्रव्य. ते आम्लात टिकते आणि आम्ल संपून क्षाराचा अंमल सुरू झाला की सैल पडते, ही त्यामागची कल्पना. पुढे या कामी लाखेचाही उपयोग झाला. बांगड्यांची आणि मोहोरेची म्हणून जी लाख आपण ओळखतो, तीच शुद्ध करून गोळीवर चढवली की आम्लात टिकते. आज बहुतेक लेप कृत्रिम बहुवारिकांचे असतात, परंतु तत्त्व तेच. जठरात आम्लता तीव्र, लहान आतड्यात ती जवळजवळ नाहीशी. या फरकाचाच कुलपासारखा उपयोग करायचा.

यातला एक नमुना तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरात, कदाचित या क्षणी खिशातही असेल. ॲसिडिटीवर डॉक्टर ओमेप्राझोलची कॅप्सूल देतात. हे औषध १९८८ साली प्रथम स्वीडनमध्ये बाजारात आले. कॅप्सूल उघडून पाहिली तर आत खसखशीपेक्षा काहीसे मोठे पांढरट दाणे दिसतात. गंमत अशी की, जठरातले आम्ल कमी करणारे हे औषध स्वतः मात्र आम्लात टिकत नाही. आम्लात सापडले की बिघडते. म्हणून प्रत्येक दाण्यावर लेप असतो. दाणे जठरातून जसेच्या तसे पुढे जातात, लहान आतड्यात लेप विरघळतो, औषध रक्तात शिरते आणि रक्तावाटे, मागल्या दाराने म्हणा ना, जठराच्या आम्ल बनवणाऱ्या पेशींपाशी येऊन पोचते.

येथे थोडे व्यवहाराचे बोलतो. घरातल्या वृद्धांना कॅप्सूल गिळता येत नाही म्हणून सुना-मुली प्रेमाने ती उघडतात आणि दाणे खलबत्त्यात कुटून दुधातून देतात. हेतू चांगला, पण कुटताना भिंतच मोडते, आणि औषधाचा बराच भाग जठरातच वाया जातो. अशा लेपाची कोणतीही गोळी वा दाणे कुटू नयेत, चावू नयेत. गिळणे जमत नसेल तर डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारावे. काही कॅप्सुलांतले दाणे न चावता एखाद्या मऊ पदार्थाबरोबर गिळता येतात, काहींचे नाही; हे प्रत्येक औषधाचे वेगळे असते.

लेप केवळ निर्जीव औषधापुरता उपयोगी आहे असे नाही. विषमज्वर, म्हणजे टायफॉइड, याची एक लस जिवंत जंतूंची आहे. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे १९७० नंतरच्या दशकात टायफॉइडच्या जंतूचा एक दुबळा वाण तयार करण्यात आला. तो रोग उत्पन्न करू शकत नाही, पण आतड्यात पोचला की शरीराच्या संरक्षक यंत्रणेला शत्रूची ओळख करून देतो. त्याचे नाव टी-वाय-२१-ए. प्रश्न असा की, जठरातून जिवंत जायचा कसा? चिली देशाच्या सांतियागो शहरात एक लाखाहून अधिक शाळकरी मुलांवर याची मोठी चाचणी झाली आणि १९८७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही मुलांना जंतू साध्या जिलेटिनच्या कॅप्सुलीतून, आम्ल मारण्यासाठी सोडा सोबत देऊन, देण्यात आले. काहींना आम्लात न विरघळणाऱ्या लेपाच्या कॅप्सुलीतून. लेपाच्या तीन कॅप्सुली एका आठवड्यात घेतलेल्या मुलांत तीन वर्षांपर्यंत सुमारे ६७ टक्के संरक्षण दिसले. साध्या कॅप्सुलीत ते बरेच कमी पडले. जंतू तोच आणि शहरही तेच असताना वेष्टन बदलल्याने एवढे अंतर पडले. आम्हांला ही हकीकत वाचून असे वाटले की, वेष्टन हाही औषधाचाच भाग मानला पाहिजे. तो नुसता डबा नव्हे.

इथवरची भिंत ही योग्य ठिकाणी उघडणारी भिंत होती. आता दुसरीकडे वळू. ही भिंत कधीच उघडत नाही, आणि तरीही काम करते.

१९५७ साली मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात थॉमस चँग नावाचा एक विद्यार्थी शिकत होता. जन्म चीनमधला, पदवीही अजून हातात पडायची होती. त्याच्या मनाने घेतले की रक्तातल्या तांबड्या पेशीची नक्कल करायची. वसतिगृहाच्या खोलीतच त्याने प्रयोग मांडला. सामान काय? तर अत्तराचा फवारा उडवण्याची बाटली, कोलोडियन, आणि असेच हाताशी सापडलेले साहित्य. त्याने हिमोग्लोबिन अतिशय पातळ पापुद्र्याच्या बारीक कुप्यांत कोंडले. पापुद्र्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे होती. हिमोग्लोबिनचा मोठा रेणू आतच राहायचा. प्राणवायूचा लहान रेणू मोकळेपणी ये-जा करायचा. १९६४ साली 'सायन्स' या नियतकालिकात त्याचा अर्धपार्य सूक्ष्मकुप्यांवरचा लेख प्रसिद्ध झाला आणि कृत्रिम पेशी या नावाचे नवे शास्त्र उभे राहिले.

अर्धपार्य हा शब्द अवघड वाटला तर मच्छरदाणी आठवा. वारा आत येतो, डास बाहेर राहतो, निजलेला माणूस आत सुरक्षित असतो. दाणी उघडावी लागत नाही. मुद्दा असा की, ती उघडायचीच नसते. चँग यांची कुपी अशीच मच्छरदाणी आहे. आत एन्झाइम ठेवा, म्हणजे एखादे विशिष्ट रासायनिक काम घडवून आणणारे प्रथिन. किंवा जिवंत पेशी ठेवा. बाहेरचा लहान रेणू आत येईल, त्यावर काम होईल, तयार झालेला लहान पदार्थ बाहेर जाईल. जठर-आतड्यांतले प्रथिने तोडणारे मोठे रेणू मात्र बाहेरच अडतील. रेओम्यूरच्या नळीची छिद्रे रस आत येईल एवढी मोठी होती. चँग यांनी ती एवढी बारीक केली की रसातले घातक भाग बाहेर राहावेत. दोनशे वर्षांत नळीचे काम असे उलटे झाले.

तुम्ही म्हणाल, जिवंत पेशी अशा कुपीत भरायच्या कशा? उष्णता लावली तर मरतील, तीव्र रसायन लावले तरी मरतील. याचे उत्तर समुद्राने दिले. तपकिरी रंगाच्या सागरी शेवाळात अल्जिनेट नावाचे चिकट द्रव्य असते. ब्रिटिश रसायनज्ञ स्टॅनफर्ड यांनी १८८० नंतरच्या काळात ते शोधून काढले. दाताच्या डॉक्टरांकडे कवळीचे माप देताना तोंडात जो मऊ गोळा बसवतात आणि जो दोनचार मिनिटांत घट्ट होतो, तो बहुधा अल्जिनेटचाच असतो. सोडियमयुक्त अल्जिनेट पाण्यात विरघळते आणि मधासारखे दाट होते. त्यात कॅल्शियम आला की त्याचे लांब धागे एकमेकांना पकडतात आणि क्षणात गोठतात.

आता आमच्या माताभगिनींनी बुंदी पाडण्याची कृती डोळ्यांपुढे आणावी. पीठ झाऱ्यावर घालायचे, थेंब कढईत पडले की गोल होऊन तळले जातात. येथे पिठाच्या जागी अल्जिनेटचे पाणी, त्यात मिसळलेल्या जिवंत पेशी. झाऱ्याच्या जागी बारीक सुई आणि हवेचा झोत. आणि कढईच्या जागी कॅल्शियम क्लोराइडचे गार पाणी. थेंब पडला की त्याचा मणी होतो. तळणे नाही, उकळणे नाही. पेशी आत जशाच्या तशा जिवंत. दाणा साबुदाण्यासारखा दिसतो, पण त्याहून पुष्कळ लहान, अर्धा मिलिमीटर किंवा त्याच्या आसपास. नुसता अल्जिनेटचा मणी आतड्यात फुगून सैल पडतो, म्हणून त्यावर पॉलिलायसिन नावाच्या द्रव्याचा पापुद्रा आणि त्यावर पुन्हा अल्जिनेटचा थर देतात. १९८० साली लिम आणि सुन यांनी अशा कुप्यांत इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके भरून मधुमेही उंदरांच्या उदरपोकळीत सोडले, तेव्हा सुमारे तीन आठवडे त्यांची रक्तशर्करा ताब्यात राहिली. तो प्रयोग तोंडावाटे केलेला नव्हता. पण कुपीत जिवंत पेशी टिकते आणि काम करते, हे त्याने दाखवले.

आणि आता आमच्या स्नेह्यांच्या कात्रणापाशी येऊन पोचलो. ते काम सत्य प्रकाश आणि थॉमस चँग यांचे. १९९६ साली 'नेचर मेडिसिन' मध्ये ते प्रसिद्ध झाले. मूत्रपिंडे निकामी झाली की शरीरातला युरिया रक्तात साचतो. रक्तातला हा युरिया थोडाथोडा आतड्यातही झिरपत असतो. शास्त्रज्ञांनी विचार केला की, आतड्यात जर कोणी हा युरिया खाणारा बसवला, तर रक्तातला युरिया तिकडे ओढला जाईल. त्यांनी इ. कोलाय जातीचा एक जंतू घेतला, दुसऱ्या एका जंतूतला युरिया तोडण्याचा जनुक त्यात बसवला, आणि असे जंतू अल्जिनेटच्या कुप्यांत कोंडून मूत्रपिंडे बिघडवलेल्या उंदरांना रोज खाऊ घातले. युरियाचा रेणू लहान, तो भिंतीतून आत शिरे. आतले जंतू त्याचे विघटन करीत आणि निघालेला अमोनिया स्वतःच्या वाढीसाठी वापरीत. जंतू कुपीपेक्षा लहान असला तरी भिंतीच्या छिद्रांच्या मानाने राक्षसच. तो बाहेर पडू शकत नसे. काम झाले की कुप्या मलावाटे निघून जात. उपचार चालू होता तोवर उंदरांच्या रक्तातला युरिया निरोगी उंदराइतका राहिला. उपचार थांबवताच काही दिवसांत तो पुन्हा चढला. शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. त्यावरून युरिया कुप्यांमुळेच उतरला होता हे सिद्ध होते. आणि हेही कळते की हा रोगमुक्त करणारा उपाय नव्हे, जन्मभर रोज घ्यावा लागेल असा उपाय आहे.

मग हे माणसापर्यंत का आले नाही? आमचे स्नेही गणिताचे आहेत, म्हणून पहिले कारण हिशेबाचे देतो. प्रयोगातला उंदीर पाव किलोचा धरा, माणूस साठ किलोचा. म्हणजे दोनशे चाळीस पट. उंदराला दिवसाला चिमूटभर कुप्या पुरल्या, तर त्याच प्रमाणात माणसाला त्या वाटीने मोजाव्या लागतील, आणि तेही रोज. माणसाच्या शरीरात दिवसाला साधारण वीस ते तीस ग्रॅम युरिया तयार होतो. तेवढा सगळा आतड्यात ओढून आणायचा तर आतड्याची आणि कुपीची दोघांचीही ताकद पणाला लागते.

दुसरे कारण याहून खोल आहे. मूत्रपिंडाचे काम फक्त युरिया टाकणे नाही. जादा पाणी, पोटॅशियम, फॉस्फेट, आम्ल आणि इतर अनेक निरुपयोगी द्रव्ये ते बाहेर टाकते. युरियाचा आकडा आपण मोजतो तो मोजायला सोपा म्हणून. तो घरातल्या केराच्या टोपलीसारखा आहे, टोपली रिकामी दिसली म्हणजे घर झाडले गेले असे नव्हे. वाढलेल्या पोटॅशियममुळे हृदय एकाएकी थांबू शकते. युरियाच्या आकड्यावरून त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून कोणी चूर्ण, दही किंवा जंतूंच्या पुड्या देऊन युरिया उतरवून दाखवतो म्हणाला, तर त्याच्या सांगण्यावरून डायलिसिसची एकही पाळी चुकवू नये. हे आम्ही आज या व्यासपीठावरून आवर्जून सांगतो.

तिसरे कारण भिंतीचेच. कोट्यवधी कुप्यांत एखादी फुटणारच. आत बदललेला जंतू आहे. तो बाहेर पडला तर काय करील, हे वर्षानुवर्षे तपासावे लागते. लाखो सारख्या कुप्या बनवणे, त्यातल्या पेशी महिनोन्‌महिने जिवंत ठेवणे, आपल्याकडच्या वैशाखात त्या टिकवणे, हे प्रश्न प्रयोगशाळेत दिसत नाहीत. औषधाच्या दुकानात दिसतात.

ही वाट किती खडतर आहे याचे अलीकडचे उदाहरण देतो. फिनाइलकीटोन्युरिया नावाचा एक जन्मजात विकार आहे. त्यात अन्नातले फिनाइलॲलानिन हे द्रव्य शरीराला नीट हाताळता येत नाही आणि मुलाच्या मेंदूला इजा होते. चँग यांनी १९८० नंतरच्या दशकात हे द्रव्य तोडणारे एन्झाइम कुप्यांत भरून उंदरांना तोंडावाटे देऊन पाहिले होते. पुढे त्याच रोगावर, कुपीविना परंतु त्याच कल्पनेने, बदललेला जिवंत जंतू तोंडावाटे देण्याची माणसांवरची मोठी चाचणी सुरू झाली. २०२४ च्या फेब्रुवारीत ती अर्ध्यावर थांबवण्यात आली. कारण ती यशस्वी होईल अशी चिन्हे दिसेनात. त्यात कोणाची फसवणूक नव्हती. खरे शास्त्र असेच चालते.

पण सगळेच निराशेचे आहे असेही नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने जिवंत जंतूंच्या बीजाणूंची, तोंडावाटे घ्यायची कॅप्सूल मान्य केली. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू प्रतिजैविकांच्या उपचारानंतर आतड्यात ठाण मांडतो आणि बरा झालेला अतिसार पुन्हा पुन्हा उलटतो. निरोगी दात्याच्या मलातून घेतलेले, शुद्ध केलेले बीजाणू रोज चार कॅप्सुली याप्रमाणे तीन दिवस द्यायचे. चाचणीत आठ आठवड्यांच्या आत रोग उलटण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत सुमारे १२ टक्के, तर नुसत्या दिखाऊ गोळ्या घेणाऱ्यांत सुमारे ४० टक्के होते. बीजाणू म्हणजे काय? काही जंतू संकटकाळी स्वतःभोवती जाड कवच उभारून आत झोपी जातात आणि योग्य जागा मिळाली की जागे होतात. येथे कुपी माणसाला बनवावी लागली नाही. जंतूंनी ती केव्हाच बनवून ठेवली होती.

दही-ताकाचा विषय निघाल्यावाचून आपल्याकडे पोटाची चर्चा पुरी होत नाही. ताक आपले आवडते, आणि ते अवश्य प्यावे. परंतु आज दुकानांतून उपकारी जंतूंच्या पुड्या, कॅप्सुली मोठमोठे आकडे छापून विकल्या जातात. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व शेती संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली केलेल्या व्याख्येप्रमाणे, जे जिवंत सूक्ष्मजीव पुरेशा संख्येने दिल्यास आरोग्याला लाभ होतो, तेच प्रोबायोटिक. म्हणून अशी पुडी घेताना तीन साधे प्रश्न विचारावेत. जंतूचा नेमका वाण कोणता? तो मुदत संपेपर्यंत जिवंत राहतो आणि जठरातून जिवंत जातो याची काही तजवीज आहे काय? आणि माझ्या या रोगावर त्याची माणसांवर चाचणी झाली आहे काय? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर पैसे ताकावर खर्च करणे बरे.

आता समारोप. आमच्या स्नेह्यांना आम्ही पुन्हा भेटलो आणि आज तुम्हांला सांगितले ते सर्व त्यांना सांगितले. कात्रण खरे आहे, प्रयोग चोख आहे, पण उंदरापासून माणसापर्यंतचे अंतर दोनशे चाळीस पट नाही. हिशेबात न येणाऱ्या कितीतरी गोष्टी मध्ये आहेत. आज डायलिसिसची जागा घेईल अशी जिवंत पेशींची कुपी उपलब्ध नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. आम्हांला वाटले, आपण त्यांची आशा मोडली. पण ते म्हणाले, "मला कोणी आकडेमोड करून दाखवली नव्हती, एवढेच. चूक पायरीवर असेल तर गणित सुटायचे राहते, चुकीचे ठरत नाही." कात्रणाची घडी घालून त्यांनी ते पुन्हा उशाखाली ठेवले. मग घड्याळाकडे पाहिले, पायांत चपला घातल्या आणि डायलिसिसला जायला निघाले. आम्ही त्यांच्याबरोबर रुग्णालयाच्या दारापर्यंत गेलो.